कणकुंबीचं जुनं मशीन

—हात लावू नको त्या मशीनला! बस हितं, स्टुलावर. तुला बेंगळूरच्या कंपनीनं पाठवलंय न्हवं, माझी गिऱ्हाईकं फोडायला? न्हाय म्हणतोस? सगळेच न्हाय म्हणतात. आल्याआल्या पैला प्रश्न काय विचारलास — एवढं जुनं मशीन कशाला ठेवलंय? गिऱ्हाईक असलं कवा विचारतंय काय रं? आता आलायस तर ऐक. डेअऱ्यांत दूध मापायचं सॉफ्टवेअर मी करतो, आन् ते ह्याच जुन्या कॉम्प्युटरवर तयार करतो. का? नव्या मशीनवर तयार केलं की खेड्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडतच न्हाय. ह्याच्यावर केलेलं सगळीकडं चालतंय — बेळगुंदीत चालतंय, नंदगडात — व्हय, बेळगुंदीनं नवीन घेतलंय, ठाऊक हाय मला. नंदगडनंबी घेतलं. बरीच चौकशी करून आलायस की! मग राहिलं कोण? कणकुंबी राहिलं. एक गाव म्हंजे गाव न्हाय व्हय?

त्यांनी का न्हाय घेतलं? का म्हंजे — मीच सांगितलं, घेऊ नका म्हणून. चांगलं चालतंय की! नवीन घेतलं की हितनंच, नेटवरनं जोडून काम होतंय, कुणी जायला लागत न्हाय. जुन्याला मात्र मला स्वतः जायला लागतंय, पेन ड्राईव्ह खिशात घालून, जांबोटीच्या जंगलातनं — तसा त्रास कसला म्हणा. डेअरीत पूर्णिमाबाई असतात. नवरा जाऊन लई वर्सं झाली, एकट्याच सगळं बघतात. चहा ठेवतात. मी चार शब्द बोलतो, त्या दोन. बरं वाटतंय रं, खोटं कशाला बोलू — तू हसलास का? त्यांचं नाव काढल्यावर हसलास. हाईस कोण तू?

समर्थ? त्यांचा समर्थ? आरं, मग आधी सांगायचं न्हाय व्हय! आन् मी आपला बडबडतोय... काय म्हणलास? आईनं नवीन कॉम्प्युटर घेतला? कवा? — बरं. बरं झालं. घ्यायलाच पायजे होता. सांग त्यांना, हितनंच जोडून देतो. न्हाय? मला या म्हणाल्या? आरं, यायला लागत न्हाय त्याला, हे त्यांना माहीत हाय काय? माहीत असून म्हणाल्या? का तूच पदरचं सांगतोयस? बघ माझ्याकडं. नीट बघ.

...ऊठ. ऊठ म्हणतो न्हवं. दुकान बंद करायचंय मला. अंधार पडायच्या आत जांबोटीचं जंगल ओलांडायला पायजे.