तक्त्याबाहेरचा बाण

...नाही, पण मी म्हणतो, तक्ता असा अर्धवटच छापायचा तर छापायचा कशाला? चांगला जाड, गुळगुळीत कागद, चार रंग, वर टपोऱ्या अक्षरात 'वकिलीकडे जाणारे मार्ग', आणि ती मार्गदर्शन केंद्रातली बाई काचेमागून पेनाने एकेका बाणावर टकटक करत मला सांगतेय, "हे बघा, दारं दोनच. शाळा संपल्या संपल्या कायद्याला गेलात तर हा निळा बाण, पाच वर्षं. आधी भलतंच काही शिकून बसला असाल तर हा पिवळा बाण, त्याच्यावर आणखी तीन वर्षं. मग निळा असो की पिवळा, एखाद्या वकिलाच्या कचेरीत एक वर्ष उमेदवारी, हा चौकोन. तो ओलांडला की हा शेवटचा चौकोन, वकील. तुम्ही काय शिकून बसलात?"

म्हटलं, "दगडफूल."

पेन थांबलं. तुम्हाला सांगतो, हा शब्द ऐकून न थांबलेलं पेन मी अजून पाहिलेलं नाही.

"म्हणजे वनस्पतिशास्त्र," मी म्हटलं, "पण त्यात शेवटचं सगळं वर्ष दगडफूल. जुन्या भिंतींवर ते राखाडी-हिरवट गोल चट्टे असतात ना, रंग उडाल्यासारखे, तेच. अर्धी बुरशी असते आणि अर्धं शेवाळ, दोघं दगडावर संसार थाटतात, आणि आमच्या हवेत वर्षाला एक मिलिमीटर..."

"पिवळा," ती म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली.

आता मी वकिलीकडे वळलोच का, असं तुम्ही विचाराल. सगळे विचारतात. अहो, दगडफुलात नोकरी कुठेय? वर्षाला एक मिलिमीटर वाढणाऱ्या गोष्टीला माणूस लागतोच किती? आणि घरात ताई. ताई म्हणजे निळा बाण, सरळ, सुटला तो जाऊन रुतलाच. ती पाच वर्षांची असताना आईला विचारायची, "दूध गरम आहे हे तू स्वतः पाहिलंस की तुला कोणी सांगितलं?" ती काळा कोट घालून निघाली की आई दारात उभी राहून ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत बघायची, आणि मग वळून माझ्याकडे बघायची. आई शिवणकाम करते. माणसाकडे बघितलं की तिला मापच दिसतं.

मी पिवळ्या बाणावर पाय ठेवला त्याच आठवड्यात तिने माझा कोट शिवला. तीन वर्षं आधी. काळा, आत रेशमी अस्तर, खांद्याला दोन बोटं कापड जास्त, "पुढे अंगाने भरशील" म्हणून. कपाटात टांगला आणि म्हणाली, "आता ह्याला वाट बघायला लावू नकोस." मी तीन वर्षं रोज सकाळी कपाट उघडायचो, शर्ट काढायचो, आणि कोट माझ्याकडे बघायचा. हे तक्त्यात नव्हतं, तुम्हाला सांगतो.

बाबांचं चष्म्याचं दुकान. त्यांनी मला दुकानातलं एक भिंग दिलं होतं, दगडफूल बघायला, पण माझ्या अभ्यासाला ते पहिल्यापासून एकच शब्द वापरायचे. "काय म्हणतेय तुझी बुरशी?"

"बुरशी नाही हो बाबा, दगडफूल."

"तेच ते."

तर कायद्याची तीन वर्षं. वर्गात मला सगळे दगड म्हणायचे, प्रेमाने म्हणायचे असं मी धरून चाललो. सर शिकवत असायचे मालकी आणि वहिवाट, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत, उन्हात तापलेली, आणि तिच्यावर... काय सांगू, इतका सुंदर चट्टा, कडा पांढऱ्या, मध्ये जरासा निळसर, जणू उंचावरून एखादं बेट दिसावं. मी त्या बेटावर उतरायचो. तिथे वारा नसतो, घाई नसते, कोणी कलम विचारत नाही. नुसतं पडून राहायचं आणि वर्षाला एक मिलिमीटर पुढे सरकायचं. मग कोणीतरी कोपर मारायचं, "दगड, सर विचारतायत," आणि मी उभा राहून म्हणायचो, "अठ्ठावीस वर्षं, सर." प्रश्न बहुतेक वेळा वेगळा असायचा.

पास झालो. कसा, ते विचारू नका. राहिला एक चौकोन. उमेदवारी. गावातले सगळ्यात जुने वकीलसाहेब एक जागा भरणार होते, एकच, आणि आम्ही अकरा जण. आई म्हणाली, "कोट घालून जा." ताई म्हणाली, "अजिबात नाही, अजून अधिकार नाही." मग मी कोट पिशवीत घालून नेला. मधला मार्ग.

कचेरी कशी होती सांगतो. जिन्याला बाकदार कठडा, हात लावून लावून गुळगुळीत झालेला. आत फायलींचे गठ्ठे छतापर्यंत, सुतळीने बांधलेले, एक उंच खिडकी, तिच्यातून उन्हाची एक पट्टी खाली येतेय आणि त्यात धूळ तरंगतेय, इतकी सावकाश की तिलाही पुढची तारीख मिळाली असावी. टेबलामागे वकीलसाहेब, चष्मा कपाळावर. शेजारी त्यांचा कारकून, कानावर पेन्सिल. कारकुनाने सगळ्यांना एकच फोटो दाखवला. दोन घरांच्या मधली एक दगडी भिंत. भांडण असं की भिंत दोन फूट पलीकडे सरकवून बांधलीय का, आणि बांधली तर कधी. एक शेजारी म्हणतो सहा वर्षांपूर्वी, मी गावाला गेलेला बघून. दुसरा म्हणतो छे, माझ्या वडिलांच्या वेळची आहे. माप कळावं म्हणून कारकुनाने फोटो काढताना भिंतीला काड्यापेटी टेकवून ठेवली होती.

"काय कराल?" वकीलसाहेबांनी विचारलं.

माझ्या आधी एक जण होता, त्याला आम्ही चालतं पुस्तक म्हणायचो. निळा बाण. तो उभा राहिला आणि एका दमात, "साहेब, आधी मोजणीचा नकाशा, मग मुदतीचा मुद्दा, मग वहिवाटीचा, मग तात्पुरता मनाई हुकूम," आणि त्यापुढे कलमं, कलमं, कलमं, उपकलमं. वकीलसाहेब मान हलवत होते. पंखा फिरत होता. फोटो माझ्या हातात आला.

आणि मी गेलो हो. तिथे काड्यापेटीच्या बाजूलाच होतं ते. असं गोल, असं निवांत, कोणाशी वाद नाही, वाटा नाही. माझ्याभोवतीचे आवाज लांब लांब गेले, पाण्याखालून ऐकू यावेत तसे. मी भिंग काढलं. काड्यापेटी पाच सेंटीमीटर. चट्टा तिच्या अर्ध्याहून चांगला अर्धा सेंटीमीटर मोठा. मला त्याची सगळी वर्षं दिसत होती, एकात एक, पहिल्या वर्षी टाचणीच्या डोक्याएवढं, मग मोहरीएवढं, मग...

"तुम्ही," वकीलसाहेब म्हणाले, "झोपलात का?"

मी म्हटलं, "ही भिंत कमीत कमी तीस वर्षांची आहे, साहेब."

धूळसुद्धा थांबली.

"कशावरून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. जात सांगितली, वाढ सांगितली, भागाकार करून दाखवला. दहा मिनिटं बोललो असेन, आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मला वाटलं, झालं. जागा आपली. पिशवीतला कोट हलल्यासारखा वाटला मला.

"फार छान," वकीलसाहेब म्हणाले. "आता एक सांगा. आपण कोणाकडून आहोत?"

आपण कोणाकडून आहोत. तुम्हाला सांगतो, चालत्या पुस्तकाने हा प्रश्न आत पाऊल टाकायच्या आधी जिन्यातच कारकुनाला विचारून घेतला होता. अकरांपैकी दहा जणांनी विचारला होता. निळ्या बाणाच्या माणसाला तो दुधाबरोबर पाजतात. मी तीन वर्षं कायदा शिकलो आणि तरी आधी उत्तर दिलं, पक्ष विचारायचाच राहिला.

आपण सहा वर्षंवाल्याकडून होतो.

कारकुनाने कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या नावावर हळूच एक रेघ मारली. आवाज आला मला त्या रेघेचा. हे तक्त्यात नव्हतं.

घरी आलो. जेवताना आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "भिंत तीस वर्षांची आहे म्हटलं म्हणून हाकललं."

ताईचा घास तोंडाशी थांबला. "कुठली भिंत? काड्यापेटीवाली?"

"तुला काय माहीत?"

"त्या फोटोची प्रत कोर्टात आहे. समोरच्या बाजूची वकील मी आहे."

आई म्हणाली, "अगंबाई, मग घे ना त्याला तुझ्याकडे उमेदवारीला."

ताई माझ्याकडे बघत राहिली. आई बघते ना मापाने, तशी. पण ते माप कोटाचं नव्हतं.

पंधरा दिवसांनी घरी समन्स आलं. माझ्याच नावाचं, माझ्याच बहिणीने काढलेलं, एकाच पत्त्यावरून सुटून त्याच पत्त्यावर पोचलेलं. बाबांनी सही करून घेतलं आणि विचारलं, "काय केलंस तू?"

"दगडफूल," ताई म्हणाली.

"बुरशीबद्दल अटक करतात?"

कोर्टात जायच्या दिवशी मी कोट घातला. आईने घातला, खरं म्हणजे. बटणं लावली, खांद्यावरचं जास्तीचं कापड थोपटलं, डोळे पुसले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढलो. लाकूड ऊबदार होतं, खिडकीतून ऊन येत होतं, मला फार बरं वाटलं. न्यायाधीश बाई वर न बघता म्हणाल्या, "साक्षीदारांनी काळा कोट काढावा."

काढला. घडी करून कठड्यावर ठेवला. शर्टाच्या बाह्यांमध्ये उभा राहिलो.

"तुमचं नाव?" ताई.

"असं काय करतेस ताई?"

"साक्षीदारांनी वकिलांना मॅडम म्हणावं," न्यायाधीश बाई.

वकीलसाहेब उठले. "हरकत आहे. साक्षीदार हे वकीलबाईंचे सख्खे भाऊ आहेत. शिवाय हे माझ्याकडे नोकरी मागायला आले होते, मी नाकारली, म्हणून मनात राग आहे. राग आहे की नाही?"

मी विचार केला. खरंच विचार केला. त्या कचेरीतली उन्हाची पट्टी आठवली. म्हटलं, "नाही साहेब. जागा असेल तर अजूनही येईन."

न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाल्या, "भाऊ ह्यांचे असतील. दगडफूल कोणाचं नातेवाईक आहे?"

कोणाचंच नव्हतं. सगळं कोर्ट भिंतीपाशी गेलं. मी भिंग लावलं, पट्टी लावली, मागे दोन वकील, एक न्यायाधीश, दोन शेजारी, सगळे श्वास धरून माझ्या खांद्यावरून वाकलेले. एकतीस मिलिमीटर. त्या एका क्षणी, तुम्हाला सांगतो, अख्खं न्यायखातं माझ्या बेटावर उतरलं होतं.

ताई जिंकली. मी वकीलसाहेबांकडे गेलो, म्हटलं, साहेब, जागा? ते म्हणाले, "द्यायची इच्छा फार आहे हो. पण आम्ही वरच्या कोर्टात गेलोय. तिथेही तुम्हीच साक्षीदार. आमच्याच खटल्यातल्या साक्षीदाराला आम्ही कचेरीत कसं बसवणार?" ताई म्हणाली, "माझंही तेच." आणि तोपर्यंत बातमी पसरली होती. गावात भिंती किती, शेजारी किती, भांडणं किती, तुम्हीच हिशोब करा. ह्या वकिलाची विहीर, त्या वकिलाचं कुंपण, कोणाची पायरी, कोणाचं थडगं. गावात वकिलांच्या कचेऱ्या चौदा, आणि आज मी चौदाही कचेऱ्यांच्या कुठल्या ना कुठल्या खटल्यात साक्षीदार. एकाही ठिकाणी उमेदवारी करता येत नाही. खटले संपले की येईल. पण दगडफूल निदान वर्षाला एक मिलिमीटर तरी पुढे जातं.

आणि वरच्या कोर्टात काय झालं माहितीये? तारखा पडत पडत वर्ष गेलं. परत मोजलं. बत्तीस. वकीलसाहेब उठून म्हणाले, "मागच्या वेळी एकतीस म्हणाले होते. साक्षीदार साक्ष बदलतोय."

त्या केंद्रातल्या बाईकडे परत गेलो मी. म्हटलं, तुमच्या तक्त्यात सगळे बाण वकिलाच्या चौकोनात जातात, माझा पिंजऱ्यात गेला, निदान एक हिरवा बाण तरी काढा. ती म्हणाली, "दारं दोनच." मी म्हटलं, अहो, मी रोज कोर्टात जातो, ताईपेक्षा जास्त जातो, पट्टेवाला मला बघून खुर्ची पुसतो. ती म्हणाली, "पुढचे या."

परवा आईने कपाट उघडलं. मग कोट काढून खिडकीत आणला, उजेडात धरला. कॉलरवर, खांद्याच्या त्या जास्तीच्या कापडावर, राखाडी-हिरवट चट्टे. गोल. सुंदर. बाबा उठून आले, चष्मा पुसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा, इतक्या मायेने, म्हणाले, "दगडफूल का रे हे?"

मी भिंग लावून बघितलं. नीट बघितलं.

म्हटलं, "नाही बाबा. बुरशी."