वाचनालयातलं माझं राखीव पुस्तक

अगं, परवा वाचनालयात माझं डोकंच फिरलं. पेशवाईवरच्या एका जाडजूड कादंबरीसाठी मी दोन महिने नंबर लावला होता. सुकापूरहून रिक्षा करून पनवेलला गेले, तर ग्रंथपाल म्हणाले, "ती दुसऱ्यांना दिली, मार्थाबाई. तुमच्यासाठी हे खास बाजूला ठेवलंय." बघते तर येशूचं चरित्र!

"नंबर माझा होता ना? मग दुसऱ्यांना का दिली?"

"म्हटलं, तुम्ही ख्रिश्चन. तुम्हाला पेशवाईत काय रस असणार?"

"अहो, पेशवाईवरचं तुमचं अख्खं कपाट वाचलंय मी. आणि हे चरित्रही वाचलंय. लेखक इतका उपदेश करतो, की येशूला बोलायला जागाच उरत नाही. जुन्या कादंबऱ्यांतली माणसं निदान चुकतात तरी, म्हणून खरी वाटतात."

पेपर वाचणारे सगळे माना वर करून बघायला लागले. ग्रंथपाल वरमले. कादंबरी परत आली की पहिली मलाच देईन म्हणाले, तसं रजिस्टरात लिहिलंसुद्धा. मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं.

तर म्हणतात कसे, "पण काही म्हणा, तुम्ही मराठी फार छान बोलता हो!"

आमच्या तीन पिढ्या पनवेलच्या, घरात दुसरी भाषा नाही. मी म्हटलं, "तुम्हीही बरं बोलता."