केर न टाकणारं घर

माझं माहेर वैजापूरकडचं, मेंढरं राखणारं घर. बाप मेंढरामागं रानोमाळ, आम्ही पोरी मायबरोबर मिळंल ते काम करायचो. लगीन झालं न् शहराच्या कडंला पडेगावात आले. मला वाटलं शहरातला नवरा, काय तर हापिसात असंल. कसलं हापिस, मालक सराफ्यात एका झारेकऱ्याच्या हाताखाली व्हते. झारेकरी म्हंजी काय सांगू तुम्हाला, सोनाराच्या दुकानातला केर इकत घ्यायचा, पाण्यात धुवायचा न् त्यातलं सोनं काढायचं. माय गावभर सांगायची, माझा जावई मातीतनं सोनं काढतो म्हणून.

पुढं मालकांनी ते काम घरीच मांडलं. धुतलेल्या मातीत पारा घालून मळायचं, पारा सोनं धरून ठेवतो. मग ते मांजरपाटाच्या फडक्यात घालून पिळायचं, जादाचा पारा खाली परातीत पडतो न् फडक्यात गोळा ऱ्हातो. त्यो गोळा चुलीवर तापवला की पारा उडून जातो, सोनं तेवढं ऱ्हातं. उडून जातो असंच म्हणायचो आम्ही, कुठं जातो ते कुणी इचारलं नाय. पिळायचं काम माझं, कारण माझ्या हातात जोर लई, एक थेंब मागं ठेवायची नाय. भाकरीची परात येगळी व्हती बरं का, पण चूल तीच. त्याला वास नाय, डोळ्याला झोंबणं नाय, मग भ्यावं कशाला?

आन् आमच्या कामात एक रीत, घरातला केर टाकायचा नाय. सोन्याचा कण लुगड्याला, पायाला लागून घरभर फिरतो, म्हणून रोजचा केर पिंपात भरायचा, दिवाळीच्या तोंडावर त्योच जाळायचा, धुवायचा, न् जे निघंल त्यात गुलमंडीवरनं पोरीला कपडे. शेजारीण म्हणायची, अगं केर काढती न् घरातच ठेवती, लक्ष्मी कशी येईल? मी हसायचे, म्हणायचे, आमची लक्ष्मी केरातच हाय की.

मग सोनारांचा केर मोठ्या कारखान्यांत जायला लागला न् आमचं काम मोडलं. मालक एका गोदामावर वॉचमन झाले. काम गेलं, पण पिंप तसंच राहिलं न् त्यात केर भरायची सवय बी. मालक म्हणायचे, शेवटचं एकदा जाळू, आपल्या संगीला पहिलं लेकरू व्हईल तवा त्याच्या गळ्यात मणी करू. संगी आमची एकुलती पोरगी, सिडकोत दिलेली.

आता हे बघा, काम सोडून लई वर्सं झाली व्हती, पारा डोळ्यानं दिसत नव्हता, आन् तवा माझे हात कापायला लागले. आधी बशी वाजायची, मग सुईत दोरा जाईना. मग डोकं. दूध चुलीवर ठेवलेलं ध्यानात नाय, रातीला झोप नाय, उगं रडू यायचं. आन् कुणी घरी आलं की आत जाऊन बसायचे, मला माणसाची भीती वाटायला लागली हो, मला! मेंढरावर वरडून माळ दणाणून सोडणारी बाई मी. मालक म्हणायचे सोंग करती. त्यांचा बी राग तसाच वाढलेला, ताट भिरकावून द्यायचे, पण ते पुरुष माणूस, त्यांना कोण काय म्हणणार? वात म्हणून तेल चोळलं, मंग सरकारी दवाखान्यात गेले. डाक्टरीणबाईनं आधी इचारलं, दारू पिता का. म्या म्हणलं नाय बाई. मग कामाचं इचारलं, म्या पाऱ्याचं सांगितलं, तशी तिनं पेन खाली ठेवला. म्हणली, मावशी, पारा डोक्यात जाऊन बसतो, काम सुटलं म्हणून त्यो सुटत नाय, वर्सांनी बी वर येतो. झालेलं समदं भरून यायचं नाय. पण त्यातलं घरात अजून काय हाय का? म्या म्हणलं, केर हाय. म्हणली, कवाचा? म्या म्हणलं, सगळाच.

तवा संगीला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरात, ती कवा येते म्हणून मी वाट बघायले, आन् डाक्टरीणबाई म्हणती, तिला त्या घरात आणू नका, पोटातल्या लेकराला लई वाईट, आन् ते पिंप जाळायचं तर नावच काढू नका. आता पोरीला येऊ नको म्हणून कसं सांगायचं? फोन करून मी नुसती रडले. तिची सासू म्हणली, माहेरचं दार बंद झालं काय? संगी म्हणली, आई, मग तूच इकडं ये.

मालकांना सांगितलं तर भडकले, ज्या केरावर जगलो त्यालाच इख म्हणती का. मग बोलता बोलता थांबले न् आपल्याच हाताकडं बघत बसले. त्यांचा बी कापत व्हता. सकाळी उठून त्यांनी पिंपाचं तोंड प्लास्टिकनं बांधलं, मागल्या अंगणात नेऊन ठेवलं. म्हणले, ऱ्हाऊ दे, संगीचं लेकरू बिनमण्याचं बी गोड दिसंल. ते पिंप न्यायला माणूस येणार म्हणत्यात दवाखान्यातले, अजून आलेला नाय. मालक त्या घरातच हायेत, या म्हणलं तर येत नायत.

मी आले इथं सिडकोत, जावयाच्या घरी, नव्या दोन लुगड्यांवर. माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली व्हती, कापत्या हातानं, टाका कुठं न् सुई कुठं. ती बी आणू नका म्हणली डाक्टरीण, त्या कापडात बी पारा बसलेला असतो. तिथंच ठेवून आले.

पोरगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तशी ईहीणबाई म्हणली, आजी, घ्या की. म्या हात पदराखाली घेतले. पडली तर, सांगा बरं? दोन दिवस लांबूनच बघितली. तिसऱ्या दिवशी संगीनं न्हाणीत पाट मांडला, म्हणली, आई, इथं बस न् पाय पसर. लेकराला आंघोळ आजीच्याच पायावर, पाणी मी घालते. घातलं तिनं लेकरू माझ्या पायावर. पाय नाय कापले हो माझे.

आता रोज तसंच चालतं. आंघोळ झाली की पुसून, गुंडाळून मांडीवर देतात, मी तिच्या पाठीवर हात ठेवते. थोपटायचं म्हणून येगळं काय करावं लागत नाय, हात आपलाआपला हलतो, आन् ती झोपती. झोप बाई, लई मोठी हो.