तोंडात देव हुता

आमी मूळचे खर्ड्याकडचे. बाप नेवाशाला फादरांच्या शेतावर सालानं राहिला आन् मी तिथंच वाढले. पहिलं कम्युनियन, म्हंजी मिस्साच्या उपासनेत देत्यात ती पवित्र भाकर, घेतलं तवा आई म्हनाली, शालन, दात लावायचा न्हाई, जिभंवर देव येतो. काय सांगू तुमाला, चर्चपासून घरापत्तूर मी तोंड मिटून आले, पानी बी पेले न्हाई, बोलले तर देव निघून जाईल म्हनून. बाप लई हसला.

पुढं लगीन हून हितं जामखेडला आले. शेजारीन सिंधू, सख्ख्या भनीवानी. चर्चमधी एकाच बाकावर बसायचो, तिच्या बाळंतपनात मी, माझ्या दुखन्यात ती. माझ्या लेकीला, प्रमिलाला, ल्हानपनी फिट यायची, थांबून वरसं झाली, हे मी सिंधूलाच सांगितलं हुतं, दुसऱ्या कुनाला न्हाई. प्रमिलाला स्थळ आलं, साखरपुडा ठरला, आन् पोराकडची मानसं चौकशीला सिंधूकडं गेली. हिनं सांगून टाकलं. लगीन मोडलं. बरं, सांगितलं तर सांगितलं, पन नाताळाच्या आत त्याच पोराला सोताची भाची दिली! अगं, जीभ झडली कशी न्हाई तुझी? त्याच जिभंवर ऐतवारी देव घेती.

त्यात हितल्या फादरांनी कम्युनियन वाटायला तिलाच नेमलं, बायकांची रांग तिच्याकडं, गड्यांची फादरांकडं. मग मी बसायचे बायकांत आन् उठून जायचे फादरांच्या, गड्यांच्या रांगंत. समदे बघायचे. बघू द्या. प्रमिला म्हनायची, आई, सोड की आता. म्हनलं, लगीन तुझं मोडलं आन् तूच सोड म्हनतीस व्हय?

गेल्या ऐतवारी फादरांचे गुडघे आखडले, उभं राहवंना. ते खुर्चीत बसले, रांग एकच, सिंधूची. मी बाकाला धरून बसले. न्हाई घ्यायचं आज. मग मनात आलं, हिनं लेकीचं सुख नेलं, आता माझा देव बी हिच्यापायी सोडू? उठले.

म्होरं गेले तर तिनं भाकर उचलली. ख्रिस्ताचं शरीर, म्हनाली, वर बघंना. तसल्या हातात बी देव गप बसून, पळून न्हाई गेला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, ल्हानपनी आल्ता तसाच. आमेन म्हनले आन् जीभ म्होरं केली.

मिस्सा सुटल्यावर ती मागनं पळत आली, शालन, एक शब्द तरी बोल गं. मी तोंड मिटून चालत राहिले. तिला वाटलं आसंल, रागानं बोलत न्हाई. राग हायच, माफ न्हाई केलं मी, खोटं कशाला सांगू. तिचं भलं देवानंच करावं, माझ्याच्यानं हुनार न्हाई. पन त्या येळंला मी रागानं गप नव्हते. तोंडात देव हुता.