बाटल्यांचा उपास

(दक्षिण बोहेमियातली एक प्रयोगशाळा. नाताळच्या सुट्टीनंतरची पहिली सकाळ. रादिम इथला संशोधक; हेडविका इथल्या काचेच्या भांड्यांची देखभाल करणारी, वयाने त्याच्या आईएवढी.)

रादिम : मी एवढंच विचारतोय, हेडविकाबाई, या हिरव्या कशा झाल्या?

हेडविका : छान झाल्यात ना? रंग बघ कसा भरलाय.

रादिम : पानगळीतच या जिवाणूंचं नत्र, म्हणजे खाणंच, तोडलं होतं मी. सुट्टीवर गेलो तेव्हा सगळ्या बाटल्या पिवळ्याजर्द होत्या.

हेडविका : तेच म्हणते मी. मेल्यासारखे पडले होते आत बिचारे.

रादिम : मेले नव्हते. झोपले होते. खायला मिळेनासं झालं की हे जिवाणू आपली ऊन पकडायची यंत्रणाच मोडून खातात. हिरवा रंग जातो तो त्यामुळे. मग थोडा साठा पोटाशी धरून पडून राहतात, महिनोन्महिने. मला तर हेच...

हेडविका : पाठ आहे मला. येईल त्या पाहुण्याला सांगतोस.

रादिम : मग हात का लावलात?

हेडविका : किल्ली तूच दिलीस. म्हणालास, सासुरवाडीला चाललोय, दिव्यांकडे लक्ष ठेवा.

रादिम : दिव्यांकडे.

हेडविका : दिवे बघितले. मग यांच्याकडे नजर गेली. नाताळची आदली संध्याकाळ. घरी कार्प मासा तळायचा बाकी, बटाट्याचं सॅलड तयार. मी सकाळपासून उपाशी, आणि हे पानगळीपासून.

रादिम : बरं. पुढे?

हेडविका : त्या संध्याकाळी कुणाला उपाशी ठेवतात का? गाईला घालतो, कोंबड्यांना घालतो, उरलेलं सफरचंदाच्या बुंध्याशी घालतो. विहिरीतसुद्धा एक घास टाकतो. तुझ्या कपाटातलं नत्राचं मीठ काढलं आणि वाढलं चिमूट चिमूट.

रादिम : सगळ्यांना?

हेडविका : मग काय पंक्तिप्रपंच करू?

रादिम : एक तरी बाटली सोडायचीत.

हेडविका : लहानपणी तुला सांगायचे ना घरी, दिवसभर उपास कर म्हणजे संध्याकाळी सोन्याचं डुक्कर दिसेल?

रादिम : सांगायचे. मी दुपारीच बिस्किटं चोरायचो.

हेडविका : यांनी नाही चोरली. अंगभर सोनेरी झाले नुसते. एवढा कडक उपास, आणि सोडवायला कुणी नको?

रादिम : परवा प्रागहून समिती येतेय. माझी नेमणूक पुढे चालवायची की नाही, ते या बाटल्या बघून ठरणार होतं.

हेडविका : मग दाखव की. उपाशी राहिले आणि जगले. तुला तरी दुसरं काय सिद्ध करायचं होतं?

रादिम : जगले म्हणूनच पुरावा गेला ना. हिरवी बाटली बघून कोण म्हणेल ही कधी उपाशी होती? म्हणतील, मागच्या तळ्यातून भरून आणलीस.

हेडविका : फोटो असतील की तुझ्याकडे.

रादिम : आहेत. फोटोत बिअर दिसते.

हेडविका : पुन्हा उपाशी ठेव त्यांना.

रादिम : पिवळं पडायला वेळ लागतो. परवापर्यंत नाही पडायचे.

हेडविका : मग मी सांगते समितीला. मीच वाढलं म्हणून.

रादिम : मग दोघंही घरी बसू. गप्प राहा तुम्ही.

हेडविका : अरे, तीही आपल्यातलीच माणसं ना? त्यांनीही त्या संध्याकाळी झाडाला घास घातला असेल.

रादिम : घातला असेल.

हेडविका : झाडाला घास घालणारी माणसं तुझ्या पोटावर पाय देतील?

रादिम : देतील. म्हणून तर सण होईपर्यंत थांबलेत.