अंगातला जाळ

आपल्याला क्षय झालाय, असं कडूबाईच्या मनानं घेतलं होतं. घरात कुणाला न सांगता ती नेवाशाच्या दवाखान्यात आली आणि रांगेत बसली. पुढं बनुबाई आणि तिची भावजय साळू बोलत होत्या.

“साळू, बसल्या जागी छातीतून जाळ उठतो बघ. तोंड लालभडक, मग घामाची अंघोळ!”

“पाळी गेली का वो वन्सं तुमची?”

“हळू बोल की! वरीस झालं.”

“मग त्येच! मला हितल्या डाक्टरीणबाईंनी सांगितलं, पाळी जायच्या वयात असं हुतंय. कडक चहा, तिखट, जिवाला घोर, यानं आनिक वाढतं.”

कडूबाईला राहवेना.

“माजंबी तसंच हाय वो! रातच्याला लुगडं भिजतं. मला वाटलं क्षय! बाळाला लागंल म्हनून पुनतांब्याला लेकीकडं बारशाला गेले न्हाई.”

“खोकला हाय?” साळूनं विचारलं.

“न्हाई.”

“वाळलात का?”

“कशाची! चोळी तटतीय.”

तिघी खळखळून हसल्या.

“तरी छाती दाखवून घ्या हां.”

कडूबाईचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून पाहिली.

“छाती साफ आहे, मावशी. पाळी कधीपासून नाही?”

“दिवाळीपास्नं.”

“मग त्याचीच ही उष्णता. घाबरू नका.”

कडूबाई धावतच बाहेर आली.

“साळूबाई, पुनतांब्याची यष्टी कवा हाय?”

“आवो, घाम तर पुसा आदी!”

“येऊ द्या घाम! नातीनं आजून माजं तोंड बघितलं न्हाई.”