आबांच्या गळ्यातलं बूच

घोरण्याचा इषय माझ्यापुढं काढू नगंस, गड्या. आमचं आबा पलटणीतनं पेन्शनीवर आलं आन् अंगानं लय सुटलं. रातभर घोरायचं, मधीच श्वास अडकायचा, मग उशाशी बसलेली आई त्यास्नी हलवायची. दिवसा आबा भाकरीचा तुकडा हातात धरून पेंगायचं. घरात काय चाललंय, त्यास्नी पत्ताच नसायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मिरजेच्या एका डॉक्टरनं त्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. म्हणाला, "रात्री नळी उघडी ठेवा, श्वास तिथून जाईल. दिवसा बूच लावा, म्हणजे बोलता येईल."

आबा रातचं निवांत झोपाय लागलं, आन् दिवसा टक्क जागं. मग काय इचारतोस! उजाडलं की बूच लावायचं आन् सुरू. बैल असं का बांधलं, चुलीत एवढी लाकडं कशाला, ह्यो पावणा कोण. सगळ्या घराची कवायत. दुपारचं कुणी जरा आडवं झालं की, "उठा!"

महिन्यानं दाखवाय गेलो. डॉक्टर खुशीत हुता. आईला म्हणाला, "काय मावशी, आता तरी झोप मिळते ना?"

"त्यास्नी मिळतीया," म्हणत आई खुर्चीवर टेकली. "डॉक्टरसाहेब, दिवसा नळी उघडी आन् रातचं बूच, असं उलटं केलं तर चालंल का वं? रातचं मी हलवीत बसंन. त्याची मला सवय हाय."